वेशीवरची राखण

बेळगावच्या दक्षिण अंगाला शहापूर, वडगाव आणि खासबाग हा विणकरांचा मुलूख आहे. यंत्रमागांच्या खडखडाटात तेथील दिवस उगवतो आणि त्याच खडखडाटात मावळतो. खासबागेत रविवारी बाजार भरतो. गोव्याच्या ताटातील भाजी ज्या रानांतून येते, त्याच रानांतील माणसे तेथे गोणपाट पसरून बसलेली असतात. त्या बाजारात आम्ही अलीकडे हिंडत असता, वजन करण्यासाठी हात उचललेल्या एका वृद्ध भाजीवालीच्या दंडावर रुपयाएवढे दोन वण आम्हांस दिसले. ते देवी काढल्याचे वण होते. तिच्या शेजारी तिची सून बसली होती व सुनेच्या मांडीवर वर्षाचे मूल होते. त्या दोघांच्या दंडांवर तसले वण नव्हते आणि ते असण्याचे कारणही उरलेले नाही. पंचेचाळिशीच्या आतल्या कोणाही भारतीयाच्या दंडावर आज तो वण सापडणे कठीण. एका पिढीच्या अंगावर जो डाग होता तो पुढल्या पिढीच्या अंगावर नाही, एवढ्या साध्या गोष्टीत विसाव्या शतकातील एक थोर विजय दडलेला आहे. परंतु तो विजय नेमका कसा मिळाला, हे आपण जवळजवळ विसरून गेलो आहो. आणि ते विसरण्याचे मोल आज सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवरील माणसे मोजीत आहेत.

खासबागेपासून फार दूर नाही अशा टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो या नावाचे एक विस्तीर्ण, वृक्षराजीने भरलेले आवार आहे. सकाळी फिरावयास जाणाऱ्यांना ते ठाऊक आहे आणि सीमाभागातील मराठी माणसाला तर महामेळाव्याचे मैदान म्हणून ते पाठ आहे. मात्र त्या नावातील 'व्हॅक्सिन' कोणते, हा प्रश्न मैदानावर जमणाऱ्या हजारोंपैकी किती जणांच्या मनात येत असेल, याविषयी आम्ही साशंक आहो. मुंबई इलाख्याच्या काळापासून या जागी देवीची लस तयार होत असे. जनावरांच्या अंगावर ती वाढवीत, खरवडून काढीत, शुद्ध करीत आणि गावोगावच्या देवी डॉक्टरांकडे रवाना करीत. पुढे उन्हातही टिकणारी, गोठवून सुकविलेली लस आली, तेव्हा ती तयार करणारी जी चार केंद्रे देशात होती त्यांत गिंडी, पटवाडांगर आणि हैदराबाद यांच्या जोडीला बेळगाव होते. देवीच्या निर्मूलनाच्या इतिहासात या गावाचे नाव अशा रीतीने कोरले गेले आहे. गावाला त्याचा अभिमान वाटावा, निदान एखादा फलक तरी तेथे ठळकपणे दिसावा, असे आम्हांस वाटते. असो.

आमचा मुद्दा निराळा आहे. बेळगावात व अन्यत्र लस वर्षानुवर्षे तयार होत होती. १८०२ साली मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला हिंदुस्थानातील पहिली लस टोचली गेली, तेव्हापासून पाऊणदोनशे वर्षे ती टोचली जात होती. तरीही देवी जात नव्हती. कोट्यवधी दंडांवर वण उमटले आणि तरीही १९७४ साली बिहारात देवीने थैमान घातले. ज्यांना टोचले त्यांना बहुधा ती होत नसे. ज्यांना टोचायचे राहून गेले, नेमके त्यांच्यात ती फिरत राही. शंभरातले ऐंशी टोचले म्हणून कागदावर आकडा फुगे, आणि उरलेले वीस एकाच वस्तीत, एकाच धर्मशाळेत, रेल्वेच्या एकाच डब्यात एकमेकांना खेटून बसलेले असत.

यातून सुटका झाली ती एका साध्या कल्पनेने. १९६६ च्या अखेरीस नायजेरियात लस अपुरी पडली, तेव्हा विल्यम फेगी या डॉक्टरांनी सर्वांना टोचण्याचा हट्ट सोडला. रोगी कोठे आहेत ते आधी शोधायचे आणि त्यांच्या भोवतीच्या माणसांना टोचून रोगाला कुंपण घालायचे, असा मार्ग त्यांनी धरला व तो फळला. १९७३ च्या शरदापासून भारताने तोच मार्ग चालविला. आरोग्यसेवक देवीने फुललेल्या बालकाचे चित्र हाती घेऊन घरोघर जात आणि असे कोणी पाहिले आहे काय, असे विचारीत. शाळेतल्या पोरांना विचारीत, बाजारात विचारीत. सुमारे दहा कोटी घरांचे उंबरठे अशा रीतीने झिजविले गेले. रोगी कळविणाऱ्यास आधी पन्नास, मग शंभर आणि अखेरीस हजार रुपयांचे इनाम लागले. गावागावांतील भिंतींवर गेरूने रंगविलेली ती इनामाची अक्षरे आमच्या वाचकांपैकी साठी ओलांडलेल्यांना खचित आठवत असतील. १९७५ च्या मे महिन्यात देशातील अखेरचा रोगी सापडला. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला आणि ८ मे १९८० रोजी सारे जग. लस तीच होती, बेळगावचीच होती. तिला डोळे मिळाले एवढेच.

या डोळ्यांना सरकारी भाषेत 'रोगसर्वेक्षण' म्हणतात. हा शब्द आम्हांस फारसा रुचत नाही. त्यात फायलींचा वास येतो. 'पाळत' म्हणावे तर पोलिसाची काठी दिसते. आमच्या कोकण-गोव्यात यासाठी एक चांगला शब्द पूर्वापार आहे, तो म्हणजे राखण. गावाच्या वेशीवर राखणदार असतो. तो कोणाला दटावीत नाही, कोणाच्या घरात शिरत नाही. पण शिवेतून काय आत आले आणि काय बाहेर गेले हे त्याला कळते, अशी आमची श्रद्धा आहे. विषाणूंच्या बाबतीत राष्ट्राला जे हवे आहे ते हेच. पोलिओचा नायनाट आपण याच बळावर केला. दोन थेंब पाजले, बोटाला शाई लावली, हे सर्वांनी पाहिले. परंतु पंधरा वर्षांखालील कोणाही मुलाचा हातपाय एकाएकी लुळा पडला की त्याच्या शौचाचे दोन नमुने बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवावयाचे, हा नेम ज्यांनी खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षे पाळला त्यांची वाहवा फारशी कोणी केली नाही. १३ जानेवारी २०११ नंतर या देशात रानटी पोलिओचा रोगी आढळलेला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी तसा दाखला मिळाला. दाखला मिळाला तो थेंबांच्या हिशेबावर नव्हे. इतके शोधूनही सापडला नाही, या पुराव्यावर तो मिळाला.

आता आपल्या दाराशी येऊ. १९५७ साली शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या रानात वानरे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्या तापाचा विषाणू शोधून काढला. हीच संस्था पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून नावारूपास आली. हाच तो आमच्याकडे माकडताप म्हणून भयाने उच्चारला जाणारा रोग. तो गोचिडीच्या चाव्याने होतो, माणसापासून माणसाला होत नाही. त्यावर नेमके औषध नाही आणि शंभर रोग्यांत तिघे ते पाच जण दगावतात. अनेक वर्षे तो कर्नाटकाच्या पाच जिल्ह्यांतच राहिला. पुढे तो दक्षिणेस निलगिरी-वायनाडकडे सरकला आणि उत्तरेस आपल्याकडे. २०१५ साली सत्तरी तालुक्यातील पाळी गावात तो उद्भवला. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गच्या केर गावाने त्याचा तडाखा सोसला.

त्याच २०१६ साली आणखी एक गोष्ट घडली, जी आमच्या मते या विषयाचे मर्म सांगते. गोव्यातील काजूच्या बागांत बोंडे वेचण्यास गेलेले बेळगाव जिल्ह्यातील मजूर तापाने फणफणत गावी परतले. गोव्यात त्यांची नोंद नव्हती, कारण ते तेथून निघून गेलेले होते. बेळगावच्या डॉक्टरांपुढे ते आले तेव्हा अंगदुखी, डोकेदुखी आणि ताप यांपलीकडे दिसण्यासारखे काही नव्हते. असल्या तापाची शंभर कारणे असतात. कोणीतरी, तुम्ही कोठे कामाला होता, हा प्रश्न विचारला, रक्त पुण्यास गेले आणि माकडताप निघाला. तो प्रश्न विचारला गेला नसता तर त्या मजुरांचा ताप विषमज्वर म्हणून वा नुसताच ताप म्हणून कागदावर उतरला असता आणि सत्तरीच्या कोणत्या बागेत गोचिडी माजल्या आहेत हे पुढच्या पाळीच्या मजुरांना कळलेच नसते.

या रोगाची लस होती. १९९० पासून कर्नाटकात ती टोचली जात होती. मात्र ती महिन्याच्या अंतराने दोनदा घ्यावी लागे, सहा-नऊ महिन्यांनी पुन्हा, आणि त्यानंतर वर्षागणिक. २००५ ते २०१० या काळातील पाहणीत दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि तिसरी धरून सुमारे ८३ टक्के संरक्षण दिसले. दुखरी सुई, मजुरीचा खाडा आणि एवढे करूनही रोग होणार नाही याची हमी नाही; तेव्हा रानात राबणारी माणसे दुसऱ्या मात्रेस फिरकत नसत यात नवल ते काय? पुढे तिचा गुणच उणा पडू लागल्याचे दिसले आणि २०२२ मध्ये कर्नाटकाने ती लस थांबविली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सबरोबर नव्या लसीचे काम हाती घेतले आहे. ते यशस्वी होवो. पण तोवर आपल्या रानांना ढाल एकच आहे, ती राखणीची.

राखणदार येथे कोण आहे? तो वानरच आहे. हिवाळा सरत आला की गोचिडीची पिले पालापाचोळ्यात वळवळू लागतात. वानर आणि माकडे त्यांच्या चाव्याने आधी मरतात. मेलेल्या वानराचे अंग थंड पडले की त्याच्यावरच्या गोचिडी उतरतात आणि नवे रक्त शोधू लागतात. म्हणून मेलेले वानर दिसताच कोणी तरी आरोग्य केंद्रास कळवावे, खात्याच्या माणसांनी हातमोजे घालून नमुना घ्यावा आणि त्या जागेभोवती पन्नास फूट मॅलेथिऑनची भुकटी मारावी, असा नियम आहे. हे वेळेत झाले तर मागून येणाऱ्या माणसांचा ताप टळू शकतो.

आणि येथे आम्हांस आपल्या वाचकांशी एक नाजूक गोष्ट स्पष्ट बोलावयाची आहे. वानर हे आपणांस मारुतीचे रूप. ते मेले तर गावकरी त्यास हळद-कुंकू वाहतात, नवे वस्त्र घालतात, खांद्यावरून मिरवीत नेऊन मूठमाती देतात. या भावनेचा आम्ही आदर करतो. आम्हीही तिच्यातच वाढलो. परंतु ज्या हातांनी ते कलेवर उचलावयाचे त्या हातांवर गोचिडी चढतात, हेही तितकेच खरे. आधी कळवावे, खात्याचे काम होऊ द्यावे आणि मग लांबून काय तो मान द्यावा. मारुतिराय रागावणार नाहीत. लंकेहून बातमी वेळेवर आणणे, हेच तर त्यांचे पहिले मोठे काम होते.

पण समजा बातमी दिली, तर ती जाते कोठे? चोर्ल्याच्या घाटात उभे राहावे म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते. एका अंगाला गोवा, एका अंगाला कर्नाटक, थोडे पलीकडे महाराष्ट्र. तिन्ही राज्यांची रानेही एक आणि वानरांचे कळपही एकच. सरकारे मात्र तीन, आरोग्य खाती तीन आणि बातमी बंगळूर, पणजी व मुंबई येथे वेगवेगळी चढणार. २००४ पासून देशात एकात्मिक रोगसर्वेक्षण कार्यक्रम आहे, आता तो संगणकावर चालतो आणि गावच्या परिचारिकेने भरलेली नोंद दिल्लीस दिसू शकते. दिल्लीस दिसते हे ठीकच आहे. खानापूर तालुक्यातील रानात आज मेलेले वानर उद्या सकाळी वाळपईच्या डॉक्टरास माहीत असते काय, हा आमचा प्रश्न आहे.

घाटावर पूर्वी पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा काढीत. देवीला गाड्यात बसवून, वाजतगाजत नेऊन शेजारच्या गावाच्या शिवेत सोडून देत. तेथले लोक रातोरात तो पुढच्या शिवेत ढकलीत. आपल्या गावातून पीडा गेली एवढ्यावर सर्वांचे समाधान. विसाव्या शतकाने ही प्रथा मोडीत काढली असे आपण मानतो, पण २०२० च्या मार्चमध्ये आपण काय पाहिले? राज्यांच्या सीमा बंद झाल्या, बेळगावची भाजी घाटावरच अडली आणि गोव्यातील चुली भाजीवाचून अडून बसल्या. साथीच्या पहिल्या धास्तीत ते क्षम्य मानू. तथापि रोगी आमच्या हद्दीतला नव्हे, तो परप्रांतीय मजूर होता, असे सांगून आपला आकडा स्वच्छ ठेवण्याची जी खोड शासनांना जडली आहे, तो मरीआईचा गाडाच होय. फरक एवढाच की आता तो बैलांऐवजी कागदावरून जातो.

वास्तविक याच दोन प्रदेशांनी एकमेकांसाठी दंड पुढे केल्याचे उदाहरण ताजे आहे. कोव्हॅक्सिन या देशी लसीच्या मानवी चाचण्या २०२० साली ज्या बारा ठिकाणी आरंभिल्या गेल्या, त्यांत बेळगावचे जीवनरेखा रुग्णालय होते आणि पेडणे तालुक्यातील रेडकर रुग्णालयही होते. अनोळखी लस स्वतःच्या अंगावर घेण्यास घाटावरील व घाटाखालील सामान्य माणसे पुढे आली. १९५५ मध्ये गोव्यात उतरणाऱ्या सत्याग्रहींना बेळगावने आसरा दिला होता, त्याची आम्हांस त्या वेळी आठवण झाली. माणसे सीमेकडे पाहत नाहीत; पाहतात ती कार्यालये.

तथापि लोकांचा विश्वास हा गृहीत धरण्याजोगा माल नव्हे, हेही याच जिल्ह्याने दाखविले आहे. २०२२ च्या जानेवारीत बेळगाव जिल्ह्यातील रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेलाची लस टोचल्यानंतर तीन तान्ही बालके दगावली. लस वाईट नव्हती. ती जेथे व जशी ठेवली गेली आणि जशी हाताळली गेली त्यात हलगर्जीपणा झाल्याचे प्राथमिक चौकशीत पुढे आले. जी बाटली ठरावीक थंडाव्यात राहिली पाहिजे आणि उघडल्यानंतर चार तासांत संपविली वा टाकली पाहिजे, तिच्या बाबतीतील एक चूक तीन पाळणे रिकामे करते. ज्या घरांत ते घडले त्यांच्यापुढे आकडेशास्त्र सांगण्याचे धारिष्ट आमच्यात नाही. मात्र एवढे म्हणू की ती घटना दडपून टाकणे हा तिच्याहून मोठा गुन्हा ठरला असता. लसीनंतर काय घडते यावरही राखण हवी आणि तिची वाच्यता झाली पाहिजे. चूक कोठे झाली हे उघड सांगितले, तर आई पुढच्या वेळी लस नव्हे, बाटली कोठून आणली हे विचारते. तो तिचा अधिकारच आहे. न सांगितले, तर ती दारच लावून घेते.

खासबागेत आम्ही चौकशी केली तेव्हा भीतीपेक्षा निराळेच कारण अधिक ऐकू आले. लस टोचली की मुलाला रात्री ताप येतो, ते किरकिर करते, आणि दुसऱ्या दिवशी आईला कांड्या भरावयास बसता येत नाही. बसली नाही तर मजुरी नाही. सरकारच्या तक्त्यात अशा मुलापुढे 'पालकांचा नकार' असे लिहिले जाते. हा नकार नव्हे. हा एका दिवसाच्या मजुरीचा हिशेब आहे. गोवराला हा हिशेब कळत नाही. हवेतून पसरणाऱ्या रोगांत त्याच्याइतका वेगवान क्वचितच दुसरा असेल. शंभरातील पंच्याण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या तरच तो थबकतो. करोनाच्या काळात राहून गेलेल्या मात्रांचा हिशेब त्याने २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडीत बालकांचे बळी घेऊन चुकता केला. गोवंडीही श्रमिकांचीच वस्ती आहे, हा योगायोग नव्हे. खासबागेसारख्या ठिकाणी लसीची बैठक मागांच्या वेळा पाहून ठेवावी, तापाचे औषध हाती देऊन दुसऱ्या दिवशी परिचारिकेने घरी डोकावावे, एवढे केले तरी नकारांचे निम्मे रकाने रिकामे होतील, असा आमचा अदमास आहे. आणि ज्यांची पहिली मात्रा गोव्यात झाली व दुसरीच्या वेळी कुटुंब बेळगावास परतले, त्यांची नोंद आता यू-विन या संगणकीय वहीत दोन्हीकडे सापडू शकते. ती उघडून पाहण्याची तसदी तेवढी घ्यावयास हवी.

काजूचा हंगाम फेब्रुवारीत लागतो. त्यापूर्वीच मजुरांच्या गाड्या घाट उतरू लागतात. गोव्याच्या आरोग्य खात्याने बागायतदारांकडून येणाऱ्या मजुरांची गाववार यादी मागवावी, प्रत्येकाच्या हाती गोचिडी दूर ठेवणाऱ्या तेलाची बाटली व एक चिठ्ठी द्यावी. आपण कोणत्या रानात काम केले, एवढेच त्या चिठ्ठीवर कानडी व मराठीत लिहिलेले असावे. गावी परतून ताप आला तर डॉक्टरांपुढे ती ठेवता येईल. त्यास फार मोठा खर्च येत नाही. आणि तिन्ही राज्यांच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी डिसेंबरात एक दिवस बेळगावात एकत्र बसून, मेलेल्या वानराची बातमी कोणी कोणास किती तासांत द्यावयाची ते ठरवावे. सभागृह मिळत नसेल तर व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली बसावे. सावली चांगली आहे.